फेराइटची पकड

मिरजेत आता जवळपास प्रत्येक घरात एक तरी म्हातारं माणूस ‘भरलेलं’ होतं. मूळ शब्द स्मृतिफेराइट भरणं. लोकांनी तो आखूड केला. लोखंडाचा गंज स्ट्रॉन्शियमबरोबर भट्टीत भाजला की काळी, ठिसूळ चुंबकं तयार होतात. लाऊडस्पीकरमागे असतात तीच. त्यांची अतिसूक्ष्म पूड विसरू लागलेल्या मेंदूत सोडत. कण मज्जातंतूंच्या सांध्यांवर बसत आणि तिथली आठवण धरून ठेवत. गंजापासूनच बनल्यामुळे फेराइट आणखी गंजत नाही, आणि एकदा घेतलेली दिशा सहसा सोडत नाही.

आबा आवटींना भरलं तेव्हा त्यांची पत्नी हयात होती. तिथवरचं सगळं शाबूत राहिलं. पुढचं मात्र झोपेत पुसलं जाई. पत्नीला स्वतः अग्नी देऊन आले आणि दुसऱ्या सकाळी मुलीला म्हणाले, “हेमा, तुझी आई कुठाय?”

हेमलतानं सांगितलं, मावशीकडे. मग रोज तेच. वर्षभरात मावशी, देऊळ, दळण सगळं सांगून झालं. ती थकली आणि डॉ. मुजावरांकडे गेली. आबांना त्यांनीच भरलं होतं.

त्यांनी समजावलं, की थंडीत फेराइटची पकड ढिली होते. डोकं थोडा वेळ गार केलं, तर तेव्हा ऐकलेलं कायमचं बसेल.

“मग अडचण काय?”

“तुमचं-आमचं दुःख झिजतं, ताई. फेराइटला झिजणं माहीत नाही.”

“ते अजून रडलेच नाहीत, मॅडम. एकदा रडू देत.”

गार टोपी घातलेल्या आबांना तिनं सांगितलं, आई गेली. आबा रडले. तीही रडली, आणि तिला हलकं वाटलं.

सकाळी त्यांनी आईबद्दल विचारलं नाही. पुढ्यातली उपम्याची ताटली मात्र बाजूला सारली. “आज घरात चूल पेटवलीस?”

माणूस जातं त्या दिवशी घरात शिजवत नाहीत. शेजारचे पिठलं-भात आणतात. आबांसाठी तोच दिवस होता. दुसऱ्या दिवशीही, महिन्यानंतरही. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा गार केलं तर काय निसटेल सांगता येणार नाही. कदाचित त्यांच्या आठवणीतून तुम्हीच निसटाल.

तेव्हापासून हेमलता पहाटे पिठलं-भात करून शेजारच्या पाटोळेकाकूंकडे देई, आणि काकू ते झाकून पुढच्या दारानं आणत. “माझ्या हातचं म्हणून खातात,” त्या एकदा म्हणाल्या, “आणि खारट झालं की नावही माझंच.”

दीड वर्ष गेलं. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. हेमलता गजरा माळून चपला घालत होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

“आजचा दिवस तरी घरी थांब, बाळ.”

तिनं गजरा काढून पर्समध्ये ठेवला आणि त्यांच्याशेजारी बसली. आबांचे डोळे वाहत होते. आईचा चेहरा आठवायला तिला आता थोडा वेळ लागत होता.