जांभळ्या समुद्राचं कोडं

"अरे, समुद्र जांभळा झाला!" गब्दू केवढ्यांदा तरी ओरडला.

टिकली हातातलं फडकं टाकून धावली. खरंच की! पाणबुडीच्या खेळातला निळाशार समुद्र एका कोपऱ्यातून जांभळा पडला होता आणि त्यातले लाल मासे चक्क हिरवे झाले होते!

"मासे आजारी पडले! त्यांना पाणी बाधलं! आता त्यांना पातळ भात द्यायला हवा!" रेडिओची टकळी सुरू झाली. ही शेजारची मुलगी. तिला हे नाव का पडलं ते वेगळं सांगायला नको.

टिकली दर सुट्टीत मामाकडे यायची ती या खोलीसाठी. घराच्या तळमजल्यावर, जिथे इतर लोक मोटार ठेवतात तिथे, मामाने खेळांची जुनी मशीन ओळीने मांडली होती. माणसाहून उंच लाकडी पेट्या, त्यांना जाड काचा, दांडे आणि बटणं. "लोक मोटार ठेवतात, यांनी मोटारीचा खेळ ठेवलाय!" असं मामी येईल त्याला सांगायची.

सुट्टीत सगळ्या मशीनची डागडुजी चालायची. मुलांनी बटणं पुसायची, दांड्यांना तेल घालायचं. मागचं दार मात्र मामाच उघडणार. आत जुन्या टीव्हीत असते तशी पिक्चर ट्यूब असते आणि तिच्यात वीज बंद केल्यावरही जबरदस्त करंट साठलेला असतो, म्हणून तिथे मुलांनी फिरकायचंसुद्धा नाही!

गब्दूचा आवाज ऐकून मामा मोटारीच्या मशीनमागून बाहेर आला. त्याने काचेकडे पाहिलं आणि स्टुलावर मटकन बसला.

"हेही गेलं," तो म्हणाला.

"बाबा, ते कडं फिरवा ना!" गब्दू म्हणाला. मामाकडे तारा गुंडाळलेलं एक मोठं कडं होतं. वीज लावून ते काचेसमोर गोलगोल फिरवलं की रंग जागेवर यायचे.

"फिरवतो रे. रंग येतील. मग उद्या शेजारच्याला डाग, परवा पुन्हा याला! ट्यूबच म्हाताऱ्या झाल्यात. तशा नव्या आता मिळत नाहीत." मामाने डोळ्यांवरचा चष्मा काढून उगाचच पुसला. "तो व्यापारी दुपारी टेम्पो घेऊन येतोय. म्हटलं, सगळीच घेऊन जा बाबा!"

"सगळी?" तिघंही एकदम किंचाळली.

मामा जिना चढून वर गेला. हातातलं काम अर्धवट टाकून गेलेला मामा टिकलीने आजवर पाहिलाच नव्हता. तिला रडू येत होतं, पण रडत बसायला वेळ कुठे होता!

"गब्दू, आठव," ती म्हणाली. "मोटारीच्या खेळाला डाग पडला, तेव्हा मामा कुठलं मशीन दुरुस्त करत होता?"

"टेनिसचं. त्याच्या शेजारचं."

"आणि आज समुद्राला पडला, तेव्हा?"

"मोटारीचं. म्हणजे... तेही शेजारचंच!" गब्दूचे डोळे विस्फारले.

"म्हणजे बघ, मामा ज्याला हात लावतो ते मशीन ठणठणीत असतं आणि आजारी पडतं ते शेजारचं. मामा शेजारच्या मशीनवर काय ठेवतो?"

"चहा!" रेडिओ ओरडली. "वाफ आत जाते आणि रंग वितळतात! मी सांगते ना!"

मामाचा रिकामा कप अजून तिथेच होता. मुलांनी तो उचलला, पुन्हा ठेवला, काचेला टेकवला. समुद्र आपला जांभळाच! कपाशेजारी एक स्टीलची वाटी होती. टिकलीने ती बाजूला करायला ओढली, तर वाटीतले स्क्रू तसूभरही हलले नाहीत. तळाला चिकटूनच बसले होते!

"ती बाबांची खास वाटी!" गब्दू ऐटीत म्हणाला. "खाली मोठ्या लाउडस्पीकरचं चुंबक लावलंय. तेव्हापासून घरात एकही स्क्रू हरवला नाही."

पण टिकलीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती काचेकडे बघत होती. वाटी सरकली तसा जांभळा डागही सरकला होता! तिने वाटी अलीकडे आणली, डाग अलीकडे आला. पलीकडे नेली, डाग पलीकडे गेला!

"सापडला चोर! हे चुंबकच रंग पळवतंय!" ती नाचायलाच लागली. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"मी जाऊन सांगतो!" गब्दू जिन्याकडे वळला. "नुसतं सांगू नको, दाखवूया!" टिकलीने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढलं. मोटारीच्या खेळाला मामाने कालच कडं फिरवून बरं केलं होतं. तिने वाटी त्याच्या काचेला टेकवून ठेवली आणि वर फडकं टाकलं. बिचाऱ्या मोटारींचे रंग क्षणात बिघडले.

मामा खाली उतरून व्यापाऱ्याला आणि त्याच्या दोन हमालांना आत घेऊन आला. मामीही पाठोपाठ आली. व्यापाऱ्याने मोटारीच्या काचेवर बोट वाजवलं आणि नाक मुरडलं.

"गेली ही ट्यूब! मी या धंद्यात मुरलोय. लांबून बघून सांगतो. तुमच्यासाठी म्हणून नेतो, नाहीतर हे भंगारच!"

"काका, गेली म्हणजे कायमची?" टिकलीने भोळेपणाचा आव आणला.

"कायमची, बाळ!"

"वाटी उचलली तरी?"

"कसली वाटी?"

टिकलीने फडकं ओढलं आणि वाटी उचलून दूर नेली. डाग तिच्यामागोमाग सरकला आणि बराचसा विरूनच गेला! व्यापाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"असं... असंही होतं कधीकधी," तो पुटपुटला.

मामा वाटीकडे बघतच राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा! ही चुंबकाची वाटी शेजारी ठेवत होतो मी! रोज! माझ्याच हाताने!" आणि तो इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. गब्दू धावत जाऊन कडं घेऊन आला. मामाने ते फिरवलं. समुद्र निळा झाला, मासे लाल झाले आणि मोटारीही लखलखीत झाल्या!

"माफ करा, टेम्पो रिकामा न्यावा लागणार," मामा म्हणाला. व्यापारी बाहेर निघून गेला.

मामाने टिकलीला जवळ ओढलं. "रोज मी मशीनच्या आतच शोधत होतो गं. बाहेर बघायचं तुला कसं सुचलं?"

"तिघांनीही कमाल केली!" मामी म्हणाली. "हा माणूस इतके दिवस धड जेवत नव्हता. मशीन गेली असती, तर मी काय या रिकाम्या खोलीशी बोलत बसले असते?"

बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग लागोपाठ वाजतच राहिला. व्यापारी टेम्पोत बसून हमालांना बोलावत होता. पण मशीन उचलायला आलेले ते दोघं हमाल कधीच पाणबुडीसमोर जाऊन उभे राहिले होते.

"आलो, शेठ!" त्यातला एक दांडा न सोडता ओरडला. "एवढा शार्क मारला की आलोच!"