खालचा होकार

नवरोजचा सण सरून महिना झाला की आमच्या रफसंजान शहरात गच्चीगच्चीवर एकच ओरडा सुरू होतो. "लाव!" "लावलं!" "बंद कर!" "बंद केलं!" कूलर गच्चीवर, बटण खाली घरात. वर एक माणूस, खाली एक, आणि मधे पत्र्याचा बोगदा. त्यातून गार वारा खाली उतरतो आणि माणसाचा आवाज वर येतो. कूलर दुरुस्तीच्या या धंद्याचा नियम एकच: खालून "बंद केलं" ऐकल्याशिवाय हात आत घालायचा नाही.

हा नियम मला माझ्या नवऱ्याने, नेमतने शिकवला. आणि तोच पाळताना तो गेला.

कूलर आमच्याच घरचा होता. मी नान आणायला भट्टीवर गेले होते. परत येते तर गल्लीत गर्दी. फिरत्या पट्ट्याने नेमतची बाही ओढली होती आणि बाहीमागोमाग त्याला. आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या बायकांनी सगळं ऐकलं होतं. नेमतने विचारलं, "तूरान, बंद?" आणि खालून माझा आवाज आला, "बंद केलं." बटण तर चालूच होतं.

मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं, मी नाही बोलले, मी घरातच नव्हते. पण कोण ऐकतंय! भट्टीवर त्या दिवशी ही झुंबड, मला पाहिल्याचं कुणाला आठवेना. पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटले, सासरच्यांनी काही मिटवलं नाही. माझे थोरले दीर यदुल्ला येऊन माझ्या गोलनारला उचलून घेऊन गेले. "नवऱ्याला खाल्लंस, आता पोरगी नाही मिळायची," म्हणाले. पोर जेमतेम शाळेत जायला लागलेली. तिला मी फाटकाच्या गजांतून बघायचे, तेही लांबून.

घर सोड म्हणाले. नाही सोडलं. का सोडू? नेमतचे पाने उचलले, डोक्यावरून घ्यायची चादर कमरेला खोचली आणि लोकांच्या गच्च्या चढायला लागले. आधी हसले मेले. मग ऊन तापलं, आणि घराचा तवा झाला की कारागीर बाई आहे की बुवा हे कुणी बघत नाही.

आमचा कूलर मात्र मी ताडपत्रीखाली तसाच ठेवला. पण दुपारी वारा येण्याच्या जाळीखाली बसलं, की आत कुणी पुटपुटल्यासारखं वाटायचं. आधी वाटलं, कबुतर शिरलं असेल. मग शब्द लागायला लागले. दिवसभरात मी जे बोललेली असायचे तेच, माझ्याच आवाजात, धडा पाठ करावा तसं पुन्हा पुन्हा.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? आठवडाभर जाळीवर उशी बांधून झोपले. मग मात्र डोकं फिरलं. माझा आवाज चोरून माझा संसार मोडतोस काय!

या वसंतात मी सरळ यदुल्लांच्या दारात उभी राहिले.

"भावोजी, एकदा माझ्या गच्चीवर चला. घराला कुलूप लावू, किल्ली तुमच्या खिशात. खालून कुणी बोललं नाही, तर गोलनारचं नाव पुन्हा काढणार नाही."

"आणि बोललं तर?"

"तर माझी पोर मला द्यायची."

त्यांनी साखरेचा खडा दातांत धरून चहा संपवला. "वेड लागलंय तुला," म्हणाले. पण उठले.

माझ्या घरी येऊन त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, पलंगाखाली वाकूनसुद्धा पाहिलं. मी फ्यूज काढून मुठीत धरला. त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि अंगणातल्या जिन्याने आम्ही वर आलो.

मी ताडपत्री काढली, पुढची जाळी उतरवली. जुनं गवत खाऱ्या पाण्याने पांढरंफटक पडून कडक झालं होतं. बोगद्याच्या तोंडाशी वाकून मी ओरडले, "बंद?"

काही नाही. शेजारच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती, तिने फक्त मान वळवली.

"झालं समाधान?" यदुल्ला म्हणाले.

"थांबा." मी पुन्हा ओरडले, "बंद?" आणि चादरीचं टोक दातांत घट्ट धरलं.

"बंद केलं," खालून आलं.

माझाच आवाज. नान आणायला निघालेल्या, घाईतल्या तूरानचा.

यदुल्ला माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दातांत धरलेल्या चादरीकडे.

"आता बोला भावोजी."

त्यांचे डोळे भरून आले. "तूरान... दोन वर्षं आम्ही तुला..."

"गोलनार," मी म्हणाले.

"आज आणतो. आत्ता जातो आणि आणतो."

"बंद केलं, तूरान," खालून आलं. "घाल हात."

हा आवाज यदुल्लांचा होता. तंबाखूने बसलेला, शेवटच्या शब्दावर चिरकणारा.

ते मागे सरकले. "मी नाही बोललो! कुराणाशपथ, तूरान, मी नाही बोललो!"

हेच. हेच मी घसा फोडून सांगत होते.

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले. "पण शेजारणीने ऐकलं ना."

ती बाई ओला सदरा हातात धरून यदुल्लांकडेच बघत होती.

"चल इथून," ते म्हणाले. "घर सोड हे. विकून टाकू."

"घर माझं आहे."

मी बोगद्यात तोंड घातलं. "हात घालणार नाही! आणि जाणारही नाही! ऐकलंस?"

मी पत्रा कापायची कात्री घेतली आणि बोगद्याच्या मानेवर चालवली. कापून काढीन, वरून वीट-चुना भरीन, मग बघू कुठून बोलतंय. यदुल्ला जिन्याकडे वळले. पत्रा करकरत फाटत होता.

मी कापत अर्ध्यावर आले आणि खालून आवाज आला. माझाच, पण हळू. पोरीची वेणी घालताना माझा लागायचा तो.

"गोलनार कधी येणार?"