बाजल्याचे तीन चोर

"सांगतो. पण मला काही हौस नाही. आणि मध्ये कुणी 'हं' म्हणालं तर उठून जाईन, आत्ताच सांगून ठेवतो."

गुरुनाथचं हे दर वेळचंच. डब्लिनच्या सिटीवेस्ट भागातल्या त्या घरात माणसं जेवायला जमली की इंद्रनीलला बाप आठवायचा. एरवी बाप म्हणजे सोफ्याचा एक कोपरा. पाहुणे आले की मात्र दिवे घालवायचे, एक लॅम्प तेवढा ठेवायचा आणि म्हणायचं, "बाबांची आफ्रिकेची गोष्ट ऐका. मस्त क्रॅक आहे." क्रॅक म्हणजे इकडच्या बोलीत धमाल. आईचा आवाज गेला आणि पोरानं त्याचा तमाशा केला. चौथी शिकलेल्या, एसटीच्या वर्कशॉपात हयात घालवलेल्या बापाला पोराच्या घरी एवढाच मान.

त्या संध्याकाळी पाहुणे दोघंच होते. विवेक आणि सुरुची. डब्लिनमध्ये नवीन, या घरात तर पहिल्यांदाच. गुरुनाथची बायको वासंती आत प्रेसमधून, म्हणजे इकडच्या कपाटातून, वाट्या काढत होती. वाट्या वाजत होत्या, तेवढाच तिचा आवाज.

गेल्या वर्षी इंद्रनीलनं आईबापांना केनियात सफारीला नेलं होतं. दिवसा सिंह, जिराफ सगळं बघून झालं. शेवटच्या रात्री कॅम्पवाल्यांनी चांदण्या दाखवायचा बेत ठेवला होता. जोसेफ नावाचा गाइड त्यांना माळावर घेऊन गेला. गवतात चटया टाकलेल्या. शेकोटी विझवली, बॅटऱ्या बंद केल्या.

"चांदण्या काय आमच्या कराडात नव्हत्या?" गुरुनाथ म्हणाला.

"बाबा, प्लीज." दिवसभर बापासाठी इंग्रजीचं मराठी करून इंद्रनील वैतागला होता. "आता मी काही सांगणार नाही. तो बोलेल त्याला नुसतं 'हं' म्हणा आणि गप पडून राहा."

गुरुनाथ आडवा झाला. शेजारी वासंती. काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. ओल्या राखेचा वास, चुरडलेल्या गवताचा वास, आणि त्यांच्या मागून आणखी एक... बंद घरात पाणी साठून राहावं तसला. वर मात्र आभाळ इतकं खाली आलेलं की अंगावर घ्यावं. जोसेफ हळू आवाजात दोन शब्द बोलला. मग सगळं चिडीचूप.

आणि उशाकडून कुणीतरी बोलायला लागलं. बाईचा आवाज. स्वच्छ मराठी, घाटावरची.

"उत्तरेला बघा. खाली टेकलंय ते म्हातारीचं बाजलं. चार चांदण्या, चार खूर."

गुरुनाथला बरं वाटलं. पोरानं शेवटी बापासाठी आपल्याकडची बाई शोधली म्हणायची. तो म्हणाला, "हं."

"मागं तीन चांदण्या. ते तीन चोर. बाजलं न्यायला आलेले."

"हं."

"पण म्हातारी वर निजलेली. उठली तर ओरडेल. मग चोरांनी आधी काय न्यावं..."

"हं?"

आवाज आता अगदी कानाशी आला होता. पण कानाला श्वास लागत नव्हता.

"तिचा आवाज. ...नेऊ?"

वासंतीनं त्याचं मनगट धरलं. नखं रुतली. पण हुंकाराची लय लागलेली, गुरुनाथच्या तोंडून निघून गेलं, "हं."

बॅटऱ्या लागल्या तेव्हा जोसेफ लांब, गाडीपाशी उभा होता. ओठांवर बोट. हत्तींचा कळप जवळ आला होता. कुणी हूं की चूं करू नका, असं त्यानं सुरुवातीलाच बजावलं होतं, आणि पुढं तोही बोलला नव्हता. इंग्रजीत बजावलं होतं. बापाला ते सांगायचे कष्ट इंद्रनीलनं घेतले नव्हते. वर तोच ओरडला, "झोपेत हं हं काय करत होतात? तुडवलं असतं सगळ्यांना!" मराठी बोलणारी बाई तिथं कुणीच नव्हती.

वासंती उठून बसली. तोंड उघडलं. नुसता वारा आला.

इकडे आल्यावर सगळ्या तपासण्या झाल्या. घसा चांगला, मेंदू चांगला. "शॉक बसलाय," म्हणाला इंद्रनील. स्वतः डॉक्टर ना.

गोष्ट संपली. एवढंच गुरुनाथ सांगायचा. वासंतीची आणखी एक गोष्ट त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती. काहीही बोलताना मध्येच "ऐकताय ना?" विचारायची तिला जन्माची खोड होती. ती त्यानं स्वतःपाशी ठेवली होती. सगळंच काय पाहुण्यांना वाढायचं?

इंद्रनील हसत फोनकडे वळला. विवेक मात्र हसला नाही. त्यानं सुरुचीकडे पाहिलं.

"काका... आम्ही मागच्याच महिन्यात जाऊन आलो. त्याच कॅम्पला."

"मग?"

"मला झोप लागली होती. हिनं ऐकलं. तिथं एक मराठी बाई..."

"आम्हाला वाटलं, कॅम्पवाल्यांनीच ठेवली असेल," सुरुची म्हणाली. तिचा हात गळ्याशी गेला होता. "बाजल्याचंच सांगत होती. मधूनमधून विचारायची, 'ऐकताय ना?'"

आत वाटी पडली. वासंती दारात येऊन उभी राहिली.

"तू 'हं' म्हणालीस?" गुरुनाथ पुढं सरकला.

"नाही काका. मला भीती वाटली. मी तोंडच उघडलं नाही."

"शेवटी काय म्हणाली ती?"

वासंती जोरजोरात मान हलवायला लागली. नको, नको. पण सुरुचीची तिच्याकडे पाठ होती.

"म्हणाली, ज्या घरी ही गोष्ट ऐकाल त्यांना विचारा... एकीनं भागत नाही. त्या घरातला आणखी एक नेऊ?"

लॅम्पच्या उजेडात कुणी हललं नाही. विवेकनं ओठ घट्ट मिटले. गुरुनाथनं दात आवळले. खिडकीच्या काचेवर पाऊस होता, तोही थांबल्यासारखा.

"हं," इंद्रनील म्हणाला. फोनवरची नजर न काढता.

मग सगळे आपल्याकडे का बघताहेत म्हणून त्यानं मान वर केली. काय झालं, असं विचारायला तोंड उघडलं.

नुसता वारा आला. आणि त्या वाऱ्याला ओल्या राखेचा वास होता.

त्याला आता बरेच दिवस झाले. पाहुणे येत नाहीत, गोष्ट सांगायला कुणी लावत नाही. घरात तिघं आहेत, बोलणारा एकटा गुरुनाथ. त्याचं म्हणणं साधं आहे. पोरगा समोर येऊन बसतो, तोंड उघडतो, मिटतो, डोळ्यांत पाणी आणतो. त्या पाण्याला काय करायचंय? त्या रात्रीचे दोन इंग्रजी शब्द बापाला मराठीत सांगितले नाहीत, त्याची माफी तोंडानंच मागायची असते. ती अजून राहिली आहे. इंद्रनीलची.