रंग बंद केले कुणी?

"ताई, तो माणूस समोर येऊ दे, चांगली खरडपट्टी काढते त्याची!" लिफ्टमध्ये शिरता शिरता मी फोनवर तणतणत होते. "महिनाभर राबले मी... आणि न विचारता सगळं बंद केलं त्यानं! ऑफिसात त्याला आडकाठी म्हणतात ते उगाच नाही!"

फोन ठेवला. शेजारच्या उंच माणसानं घसा खाकरला.

"आडकाठी मीच. आजपासून तुमच्याच मजल्यावर बसतो. खरडपट्टी इथेच काढणार... की वर जाऊन?"

"इथेच!"

आमच्या वेबसाइटवर मुलं ब्राउझरमध्येच कोड लिहायला शिकतात. कोड लिहायच्या त्या चौकटीत, म्हणजे एडिटरमध्ये, सगळा कोड काळाकुट्ट दिसायचा. मी त्यात रंग आणले होते. भाषेचे ठरलेले शब्द निळे, अवतरणातला मजकूर हिरवा, आकडे नारिंगी. सकाळी रंग सुरू झाले आणि दुपारी या टेस्टरनं ते बंद केले.

"फाइल मोठी असली की दाबलेलं अक्षर उमटायलाच वेळ लागत होता," तो म्हणाला. "मुलांची परीक्षा चालू होती."

"मग मला फोन करायचा! मी काय मेले होते?"

"करायला हवा होता. पण... तुमच्या रागाबद्दल ऐकून होतो."

"म्हणजे घाबरलात?"

"हो."

आता याच्याशी भांडायचं तरी कसं?

वर मीटिंगमध्ये बॉसनं नाक मुरडलं. "रंगबिंग हवेत कशाला? पोरखेळ वाटतो. कायमचे काढा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच उभा राहिला. "काम उत्तम आहे, सर. न विचारता बंद केलं ही माझी चूक. दोन दिवस द्या, आम्ही दुरुस्त करतो."

बाहेर आल्याबरोबर मी त्याला गाठलं. "माझी वकिली करायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"आणि हे 'आम्ही' कोण?"

त्यानं गुपचूप आपली खुर्ची माझ्या टेबलापाशी ओढली.

एक अक्षर दाबलं की माझा कोड अख्खी फाइल पहिल्यापासून पुन्हा रंगवत होता. चूक माझीच होती, म्हणून राग आणखी चढला. बदललेल्या ओळीपासून, आणि तेही गरजेपुरतंच रंगवायचं, असं ठरलं. मग प्रत्येक ओळीवर आमची जुंपली. एकाच वेळी दोघांचे हात कीबोर्डवर गेले... त्यानं आपला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं सगळ्यात मोठी फाइल उघडून टाइप केलं. अक्षर आणि रंग एकदमच उमटले. तो माझ्याकडे वळून हसला. गालाला एकाच बाजूला खळी पडली.

"आता तरी राग गेला?"

"नाही! तू इतका सरळ का बोलतोस, याचा राग आहे. तू जेवायला गेलास की माझं लक्ष लागत नाही, याचा राग आहे. आणि तू मला आवडायला लागलास, याचा तर... सगळ्यात जास्त!"

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"बोल की काहीतरी!"

"मी कालपासून तेच जुळवतोय — पण जमत नाहीये," तो पुटपुटला. "मलाही... म्हणजे मलाही तू... फार."

"एवढंच?"

"चालता चालता बाकीचं सांगितलं तर?"

खाली रस्त्यावर भुरभुर लागली होती. तो माझ्यापासून हातभर अंतर ठेवून अदबीनं चालायला लागला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी खसकन त्याचा हात धरला.

घट्ट.