तिकिटावरची चंपी

"चंपी रातीतून गायब झाली हो," धुरपताबाईंनी दारातच सांगितलं, आणि रामप्रसादला मनातून चीड आली. एका कुत्रीपायी परभणीहून सोनपेठपर्यंत एस.टी.त हाडं खिळखिळी करून घेतली!

रामप्रसाद जन्मभर कंडक्टर होता. निवृत्तीनंतर तो गुप्तहेर पंकजाताईंसोबत फिरायचा. ताई दहा गोष्टी बघायच्या, तेव्हा त्याला एक दिसायची.

पण चंपी साधीसुधी नव्हती. कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीवर टपाल तिकीट निघावं म्हणून निवृत्त शिक्षिका धुरपताबाईंनी दोन वर्षं गावं पालथी घालून नऊ हजार पोस्टकार्डं लिहून घेतली होती. प्रत्येकावर चंपीचं चित्र होतं, कानाला खाच असलेलं. नसबंदी झाली की कुत्र्याच्या कानाला अशी खाच पाडतात, म्हणजे पकडणारे त्याला पुन्हा धरत नाहीत. उद्या परभणीत टपालाचे साहेब आणि जनावरांचे डॉक्टर चंपीला बघणार होते.

"दोर कापलाय का?" ताईंनी विचारलं.

"न्हाई, सोडलाय. दोन वर्षं बांधूनच होती, यंदाच दिवसा मोकळी सोडायलेय. परका असता तर चावली असती."

"कार्डं?"

"हायत तशीच. नसबंदी झाली तवा लय गुणाची होती बघा. सकाळी नेली, सांजच्याला परत. आल्या आल्या उडी मारून ओट्यावर, भाकर मागायली!"

शेजारचे आबासाहेब तोंड वाकडं करूनच बाहेर आले. "गेली? बरं झालं! आठ दिवस झाले, माझ्या कडब्याच्या गंजीत बीळ उकरायलीय. वरून माझीच पोती ओढून आत घालायलीय. इख घालतो म्हणलं होतं मी!"

"हाच," रामप्रसाद ताईंच्या कानात पुटपुटला.

चंपीचा जुना मालक वैजीनाथ पारावर बसला होता. "ऊसतोडीला जाताना बाईकडं ठिवली होती. परवा परत मागितली, बाई न्हाई म्हणल्या. खाऊ घालून लय फुगवलीय तिला. आज पहाटं टोळी गेली. मी मागं राहिलो, हुडकायला."

तिसरा आदिनाथ. नसबंदीचं शिबिर त्याच्या संस्थेचं, कार्डावरच्या चित्राचा फोटोही त्यानंच काढलेला. पिंजऱ्यांच्या खोलीला कुलूप होतं. दाराखालून फिनेलचा उग्र वास येत होता.

"शिबिर कधी संपलं?"

"झालं की वरीस." आदिनाथ हसला. "तीनशे बारा नसबंद्या! साहेबाला कुत्री कशाला पायजे पण? फोटो हाय ना."

ताईंनी सगळ्यांना त्याच दारापुढं बोलावलं.

"इख घालणारा माणूस कुत्री तिथंच मारून टाकतो, दोर सोडून घेऊन जात नाही. वैजीनाथनं नेली असती तर तो टोळीबरोबर कधीच गेला असता. परका तर नाहीच, चंपी चावली असती. उरला तो, ज्याला डॉक्टरांना चंपीचं पोट दाखवायचं नव्हतं."

"पोट?" रामप्रसाद गोंधळला.

"कुत्री उकरून आत पोती ओढते ती व्यायला जागा करायला. फुगली ती खाण्यानं नाही. आणि नसबंदीत पोट चिरलेल्या कुत्रीला चार-पाच दिवस पिंजऱ्यात ठेवावं लागतं. ती त्याच संध्याकाळी ओट्यावर उडी मारेल? आदिनाथ, तुम्ही नसबंदीचे पैसे उचललेत आणि नुसता कान कापलात. वर्षभर बंद असलेल्या खोलीत आज फिनेल कशाला लागलं? उघडा."

वैजीनाथनं किल्ली हिसकावली. दार उघडलं. चंपीच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळली होती. शेजारी खताचं पोतं, तोंड आवळून बांधलेलं. रामप्रसादनं गाठ सोडली. आत पाच पिल्लं होती. दोन हलत होती.

"जनावरंच हायत की," आदिनाथ म्हणाला.

रामप्रसाद बाहेर जाऊन ओकला. तीस वर्षं एस.टी.त हरतऱ्हेची माणसं बघितली, पण इतकी किळस त्याला कुणाची आली नव्हती. थू तुझ्या जिंदगानीवर!

धुरपताबाईंनी चंपीची पट्टी सोडवली. हळूच विचारलं, "तीनशे बाराच्या तीनशे बारा?"

"समद्यांचे नुसते कानच," आदिनाथ म्हणाला.

"म्हणजे खाच बघून त्यांना आता कुणी धरणार न्हाई. पिल्लं देतच राहणार," बाई म्हणाल्या. "अन् नसबंद्या झाल्याच्या कागदांवर सही माझी. एकीचंबी पोट बघितलं न्हाई मी."

"बाई, ऐका," आदिनाथ जवळ सरकला. "उद्या नुसती कार्डं नेऊ. चंपी आजारी हाय म्हणू. आज बोललात तर तिकीट गेलंच समजा! दोन वर्षं पायपीट केली तुमी."

रामप्रसादला हात उगारावा वाटला, पण बाईंनी तोवर टपालाच्या साहेबांना मोबाइल लावला होता.

"साहेब, धुरपता बोलायलेय, सोनपेठहून. उद्या चंपी येणार न्हाई. व्यालीय ती. आमच्या नऊ हजार कार्डांवरचं चित्र खोटं हाय, अन् खोट्या कागदांवर सही माझी हाय. डॉक्टरला इकडंच धाडा, पिंजरे घेऊन. तीनशे बारा पुन्हा धरायच्या हायत. कार्डांचं काय करायचं ते तुमी ठरवा."

बाईंनी फोन कानालाच धरून ठेवला आणि मोकळ्या हातानं हलणारी दोन पिल्लं चंपीच्या पोटाशी लावली.