चारच्या लाइटीआधी

निरवांगीत त्या आठवड्यात शेतीची लाइट दुपारी चारला यायची. साडेतीनला सुप्रिया ओसरीवर लॅपटॉप मांडून बसली होती आणि नेटला मनातल्या मनात शिव्या घालत होती.

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत तिनंच छोटा कॉम्प्युटर बसवला होता. लाइट आली की मोटर आपोआप चालू. केवढं कौतुक झालं होतं सूनबाईचं! पूर्वी विहिरीत उतरणारा माणूस आपल्या चपला पेटीवर ठेवायचा. त्या दिसल्या की बटणाला कुणी हात लावत नसे. पण आता बटण दाबायलाच कुणी जाईना, मग चपला तरी कशाला ठेवायच्या? गेल्या वर्षी तिचा दीर नागेश पाण्यातल्या पाइपच्या टोकाचा फूट व्हॉल्व साफ करायला उतरला आणि लाइट येऊन मोटर सुरू झाली. त्याला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. त्याच्या चपला कुठंच सापडल्या नाहीत.

वर्षभर पेटी बंद होती. काल सासऱ्यांनी, आप्पांनी, तिला न विचारताच ती जोडून घेतली. म्हणून ही घाई. माणसानं फोनवर होकार दिल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये, एवढी सोय तिला करायची होती, आणि त्याआधी पेटीतल्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोड नेटवरून ताजा करायला हवा होता. साधनं दोन. गिट घेतलं तर कोडाबरोबर कुठली ओळ कुणी, कधी लिहिली तेही येतं. आरसिंक नुसत्या ताज्या फाइली आणतं आणि आपल्याकडचं जास्तीचं पुसून टाकतं. नेट रडत होतं. तिनं आरसिंक निवडलं.

मोटर चालवणाऱ्या फाइलीत तिनं न लिहिलेली एक ओळ होती.

‘पेटीवर चपला हायती. मोटर लावू नगं.’

"काय चावटपणा आहे हा!" ती पुटपुटली. ओळ खोडून तिनं पुन्हा फाइली आणल्या. ओळ होतीच. कंपनीत असं कुणी केलं असतं तर तिनं फैलावर घेतलं असतं, पण इथं कुणाला धरणार?

शेवटी तिनं गिट लावलं. टक्का टक्का करत इतिहास उतरला.

लिहिणारा: नागेश. वेळ: आज, चार वाजता. कारण: आप्पा खाली हाय.

घड्याळात तीन छप्पन्न झाले होते.

"आत्या, आप्पा कुठायत?"

"हिरीवर गेल्यात," तिच्या सासूबाई, प्रयागबाई, आतून म्हणाल्या. "फूट व्हॉल्वात कचरा अडकलाय म्हनं."

सुप्रिया अनवाणीच पळत सुटली.

निम्म्या वाटेत लाइट आली. आजूबाजूच्या मोटरी एकेक करून घरघरू लागल्या. "देवा, नको!" ती ओरडली.

ती विहिरीपाशी पोचली. त्यांची मोटर गप्प होती.

आप्पा पायऱ्या चढून वर आले आणि काठावरच्या आपल्या चपला त्यांनी पायात सरकवल्या. तिला रडूच फुटलं.

"चपला पेटीवर ठेवायच्या ना, आप्पा!"

"इसरलो गं पोरी. ध्येनातच न्हाय ऱ्हायलं."

तिनं पेटीकडं पाहिलं. वर चपलांचा एक जोड होता. उजवीचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता. नागेश तसाच बांधायचा.

दोन्ही चपलांतून पाणी ठिबकत होतं.