पाच नंबरची गाडी झोपत नाही

दुपारी तीन चाळीस. इस्पितळाचं तळघर, पार्किंगचा शेवटचा कोपरा. पाच नंबरची अँब्युलन्स, बॉनेट उघडं. माणसं तीन: ड्रायव्हर, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या बाई आणि मी.

वेळ आधी लिहून ठेवतो, कारण चौकशी समितीच्या कागदात ती नाही. त्या कागदात बरंच काही नाही.

सात महिने ही गाडी मनाला येईल तेव्हा बंद पडत होती. चालता चालता डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागायचे, काटे खाली पडायचे, इंजिन गप्प. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की जणू काही घडलंच नाही. वर्कशॉपमध्ये नेली की गुणी बाळ. बॅटरी बदलली, आल्टरनेटर बदलला. मग इस्पितळाच्या वाहतूक अधिकाऱ्यांनी बदलायला सगळ्यात सोपा भाग शोधला: ड्रायव्हर. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे ज्याला मामा म्हणतात, तो म्हणे गाडी मुद्दाम बंद करून झोपा काढतो! साडेपाचला समिती बसणार होती. बडतर्फीचं पत्र मात्र सकाळीच टाइप झालं होतं. मी ते पाहिलं होतं. सही तेवढी बाकी होती.

एकतीस वर्षं मी बातमीदारी करतोय. निकाल आधी आणि चौकशी नंतर, हे दिसलं की माझं डोकं फिरतं. म्हणून बाईंना घेऊन आलो.

त्यांनी बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर जोडलं. "आता गाडीत जाणारी सगळी वीज ह्याच्यातूनच जाणार. दुसरी वाट नाही. मामा, दारं लावा, किल्ली तिकडे जिन्यापाशी ठेवून या. आणि पत्रकार, तुम्ही जरा तोंड बंद ठेवा."

"मी काय केलं?"

"अजून काही नाही, म्हणूनच आधी सांगते. गाडीला झोपू द्या."

गाडी झोपते, हे मला त्या दिवशी कळलं. बंद केल्यावरही तिच्यातले छोटे कंप्युटर काही वेळ जागे असतात, मग एकेक करून निजतात. मीटरवर ते मिलिअँपिअरच्या आकड्यांत दिसतं. नऊशे. चारशे. दीडशे... आम्ही उभे. छतालगतच्या पाइपातून पाणी उतरल्याचा आवाज. ओल्या सिमेंटचा आणि जंतुनाशकाचा वास. आकडा साठवर आला, आणि आत कुठेतरी बारीक 'टक्' झालं. आकडा थेट सहाशेवर. डॅशबोर्ड उजळला. वायपर एकदाच कोरड्या काचेवरून करकरत गेला आणि परत आला.

"असंच..." मामा कुजबुजले. "रस्त्यावरही सुरुवात अशीच होते..."

पुन्हा उतरण, पुन्हा साठ, पुन्हा टक्. चार वेळा. दर वेळी नव्वद सेकंदांनी, झोपेत दचकणाऱ्या माणसासारखं.

बाई स्टिअरिंगखाली वाकल्या आणि काड्यापेटीएवढा पांढरा डबा उपटून बाहेर आल्या. गाडीची माहिती वाचणारा स्कॅनर.

"हा कुणाचा?"

"ऑफिसचा," मामा म्हणाले. "सात महिने झाले. आमच्यावर नजर ठेवायला लावलाय. हात लावणार नाही, असं लिहून घेतलंय आमच्याकडून."

"कंप्युटर आपसात बोलत असतात, हा मेला मध्येच तोंड घालतो. चालू देत नाही, झोपू देत नाही."

म्हणजे नजर ठेवणाऱ्यांनीच गाडी बंद पाडली होती, आणि नोकरी जाणार होती ती ज्याच्यावर नजर होती त्याची!

स्कॅनर मी पाकिटात घातला. पुन्हा दारं बंद, पुन्हा वाट. साठ. चाळीस. बावीस. तिथे आकडा थांबला. नव्वद सेकंद गेले. दहा मिनिटं गेली. टक् नाही. मामांनी खांबाला पाठ टेकवली आणि डोळे पुसले.

आणि गाडीच्या मागच्या दाराची दुधी काच उजळली.

आतला दिवा. हळूहळू, वात वर करावी तसा. कुणाला चढायला, वळायला, टेकून बसायला जितका वेळ लागेल तितका तो राहिला.

"आरामात बसा..." मामा म्हणाले. बावीस वर्षांची सवय. मग त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

दिवा विझला. मी दाराकडे निघालो, तर बाईंनी माझा दंड धरला. त्या काचेकडे बघतच नव्हत्या. मीटरकडे बघत होत्या.

"बावीस... दिवा लागला, आणि आकडा हललाच नाही..."

दार उघडलं. स्ट्रेचर, घडी घातलेली चादर. कुणी नाही.

साडेपाचला मी स्कॅनर समितीच्या टेबलावर ठेवला. बाईंनी आकडे वाचून दाखवले. दिव्याचं आम्ही बोललो नाही.

"ही तांत्रिक बाब आहे," वाहतूक अधिकारी म्हणाले.

"सकाळपर्यंत तर ती झोपेची बाब होती," मी म्हणालो.

सात वाजता पत्र फाडलं गेलं. आठवड्याभरात बाकीच्या गाड्यांतले स्कॅनरही निघाले. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर होते. गेल्या चार महिन्यांत पाच नंबर एकदाही अडलेली नाही.

बातमी लिहिताना मी गाडीची दोन रजिस्टरं मागवली, एक बिघाडांचं, एक रुग्णांचं. समितीनं ती उघडलीही नव्हती. सात महिन्यांत गाडी सदतीस वेळा बंद पडली होती, त्यातल्या नऊ वेळा बदली ड्रायव्हरच्या हातात. त्याच काळात तिनं सहाशे चार रुग्ण पोचवले. तारखा आणि वेळा मी दोनदा ताडून पाहिल्या, बाईंनी तिसऱ्यांदा. सदतीसच्या सदतीस वेळा गाडी रिकामी होती. रुग्ण आत असताना ती एकदाही थांबली नाही.

स्कॅनर बनवणाऱ्यांना आणि वाहतूक अधिकाऱ्यांना मी लेखी विचारलं: इंजिन वाचणाऱ्या डब्याला मागे आजारी माणूस आहे हे कळत कसं होतं? तीन पत्रं पाठवली. तिन्ही मिळाल्याच्या पोचपावत्या आहेत. उत्तर नाही.